दहावीला गणित सक्तीचं, बारावीला मराठी ऐच्छिक: विषय नेमकं निवडतं कोण?

कृष्णाकाठ

दहावीचा निकाल लागला की 'गणित ऐच्छिक करा' ही मागणी दरवर्षी डोकं वर काढते आणि अकरावीचे प्रवेश सुरू झाले की विरून जाते. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवून निवृत्त झालो आहे. या विषयावर सविस्तर बोलावं असं फार दिवस मनात होतं, म्हणून हा धागा.

आपल्या राज्य मंडळाच्या दहावीला तीन भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रं मिळून ६०० गुण. यातलं मुलाच्या हातात किती? मराठी माध्यमात हिंदी पूर्ण घ्यायची, संस्कृत पूर्ण घ्यायचं, की दोन्ही पन्नास-पन्नास गुणांचं संयुक्त घ्यायचं, जवळपास एवढंच. काही शाळांत एका भाषेऐवजी किंवा सामाजिक शास्त्रांऐवजी व्यवसाय शिक्षणाचा विषय घेता येतो, पण तो सगळीकडे नाही. बाकी सगळं सक्तीचं.

मधली काही वर्षं आपल्याकडे 'सामान्य गणित' होतं. ज्याला बीजगणित-भूमिती झेपत नाही त्याने नववीतच ते घ्यायचं, आणि मग अकरावीला विज्ञान शाखेचा विचार सोडायचा. नववीचा अभ्यासक्रम २०१७ ला आणि दहावीचा २०१८ ला बदलला, तेव्हा ते बंद झालं. योगायोग असा की त्याच २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयाने गणित ऐच्छिक ठेवता येईल का, याचा विचार करायला सांगितलं होतं. म्हणजे एकीकडे पर्याय द्या अशी चर्चा, आणि दुसरीकडे होता तो पर्यायही गेला.

माझं मत स्पष्ट आहे. गणित दहावीपर्यंत सगळ्यांना हवं, पण सगळ्यांना एकाच पातळीचं नको. आत्ताच्या दहावीच्या पुस्तकात अर्थनियोजन आहे, त्यात जीएसटी आहे, शेअर्स आहेत. संभाव्यता आहे, सांख्यिकी आहे, महत्त्वमापन आहे. हे ज्याला येत नाही त्याला पुढे कर्जाचा हप्ता समजत नाही आणि बातमीतला आलेखही समजत नाही. वर्तुळाच्या प्रमेयांच्या सिद्धता आणि त्रिकोणमितीची नित्यसमानता मात्र प्रत्येकाला सिद्ध करता आलीच पाहिजे असं मला आता वाटत नाही. वर्गात चाळीस मुलं सिद्धता पाठ करून येतात आणि आकृतीतली अक्षरं बदलली की थांबतात. सीबीएसईने २०२० च्या परीक्षेपासून स्टँडर्ड आणि बेसिक अशा दोन प्रश्नपत्रिका केल्या. पुस्तक तेच, वर्ग तोच, शिक्षक तोच, फक्त पेपर वेगळा. आपल्याला हे का जमू नये?

तुमचे अनुभव लिहा, विरोधी मत असेल तर तेही सविस्तर लिहा.

अवकाश

विरोधी मत माझं आहे, घ्या.

चौदा वर्षांच्या मुलाला 'तुला सोपा पेपर हवा की अवघड?' असं विचारलं तर तो सोपाच म्हणणार. त्याला अजून माहीत नाही की दोन वर्षांनी त्याला इंजिनिअरिंग करावंसं वाटणार आहे, किंवा अर्थशास्त्र. दार बंद करणारा निर्णय इतक्या लहान वयात नको. गणित अवघड वाटतं कारण पाचवी-सहावीत अपूर्णांक आणि दशांश कच्चे राहतात. तिथे दुरुस्ती करा. दहावीचा पेपर सोपा करून पाचवीचा प्रश्न सुटत नाही.

आणि गणित सोडून तरी पळणार कुठे? पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत अंकगणित आहे, बुद्धिमत्ता चाचणी आहे. तिथे कुणी बेसिक-स्टँडर्ड विचारत नाही.

माई

मी तुम्हा सगळ्यांपेक्षा वयाने बरीच मोठी असेन, म्हणून जुन्या अकरावीचं सांगते. १९७५ ला दहावीची पहिली परीक्षा झाली, त्याआधी अकरावीची मॅट्रिक होती. तेव्हा विषयांची निवड आत्तापेक्षा खूपच मोकळी होती. गणिताच्या पातळ्या होत्या, वरचं घेता यायचं आणि खालचंही.

ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात काय व्हायचं ते मी पाहिलं आहे. आमच्या गावच्या शाळेत मुलींनी खालच्या पातळीचं गणित घ्यायचं आणि सोबत फिजिऑलॉजी-हायजीन नाहीतर गृहविज्ञान, हे जणू ठरलेलंच होतं. कुणी सक्ती केली नव्हती. घरातले म्हणायचे, 'तुला कशाला लागतंय वरचं गणित?' शिक्षकही तेच म्हणायचे, आणि मुलीला स्वतःलाही तेच वाटू लागायचं. माझ्या थोरल्या बहिणीला हिशेबाची विलक्षण गती होती. घरच्या दुकानाची वही ती बाराव्या वर्षी लिहायची. तिने निवडलेले विषय मात्र तिचे नव्हते. पुढे तिला बी.एस्सी. करायचं होतं, तर रस्ताच नव्हता.

देशाच्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात पहिली दहा वर्षं गणित आणि विज्ञान सगळ्यांना सक्तीचं करा असं सांगितलं. त्याआधी हंसा मेहता समितीनेही मुलामुलींचे अभ्यासक्रम वेगळे नसावेत हेच म्हटलं होतं. आपल्याकडे दहा अधिक दोनचा आकृतिबंध आला तेव्हा मुलींच्या वाट्याला प्रथमच तोच पेपर आला जो मुलांना होता. माझ्या दोन्ही मुली त्या सक्तीमुळे गणित शिकल्या. एक आज बँकेत अधिकारी आहे, दुसरी रसायनशास्त्र शिकवते.

तेव्हा कृष्णाकाठ, तुमच्या दोन पातळ्यांना माझा एकच प्रश्न आहे. खालच्या पातळीत कोणाची मुलं जाणार, आणि ते ठरवणार कोण?

निशिगंध

माई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पटला. तरी माझी बाजू लिहिते.

माझा मुलगा दहावीत आहे, नाशिकला. तो तासन्‌तास चित्रं काढतो, माणसांची बारीक निरीक्षणं करतो, इतिहास गोष्टीसारखा सांगतो. गणिताच्या पेपरच्या आदल्या रात्री त्याला उलट्या होतात. हे सहावीपासून चालू आहे. क्लास लावले, बदलले, घरी शिकवणारे सर ठेवले. एका शिक्षकांनी वर्गासमोर त्याला फळ्यावर उभं करून सोप्या बेरजा करायला लावल्या, त्यानंतर आठवडाभर तो शाळेत गेला नाही.

'दार बंद करू नका' असं अवकाश म्हणतात. माझ्या मुलापुढे आज जे दार आहे ते दहावी नापासाचं आहे. गणितात तो पास झाला नाही तर चित्रकलेचं पुढचं शिक्षणही अडणार. ज्या विषयात तो काही करणार नाही त्या विषयाच्या हातात त्याची सगळी वर्षं का असावीत?

अवकाश

निशिगंध, उलट्यांचं वाचून वाईट वाटलं. मी लिहिलं ते धोरणाबद्दल होतं, तुमच्या मुलाबद्दल नव्हतं. शिक्षकाने जे केलं ते कोणत्याही विषयात चुकीचंच.

बालाघाट

धाग्याच्या शीर्षकात मराठी आहे आणि अजून कुणी तिच्याबद्दल बोललं नाही, म्हणून लिहितो. मी मराठवाड्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो.

अकरावी-बारावीला इंग्रजी सगळ्यांना सक्तीची आहे. दुसऱ्या भाषेच्या जागी मात्र माहिती तंत्रज्ञान, म्हणजे आयटी, घेता येतं. २०२० साली राज्याने मराठी सक्तीचा कायदा केला, पण तो पहिली ते दहावीपुरता. अकरावीत पाऊल ठेवलं की महाराष्ट्रातला विद्यार्थी मराठी पूर्णपणे सोडू शकतो, इंग्रजी सोडू शकत नाही. या एका वाक्यातला अन्याय कुणाला दिसत नाही याचं मला खरंच दुःख होतं.

परिणाम सांगतो. विज्ञान शाखेतले विद्यार्थी आयटीकडे गेले. पाठोपाठ वाणिज्यचे गेले. विद्यार्थी कमी झाले की वर्कलोड कमी होतो, वर्कलोड कमी झाला की निवृत्त झालेल्या शिक्षकाच्या जागी पूर्णवेळ माणूस मिळत नाही, तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, कुणीतरी येतं आणि वर्ष संपायच्या आत दुसरी नोकरी शोधतं. मग पुढच्या वर्षी मुलं म्हणतात, 'मराठीला शिकवायला कोणी नाही, आयटी घेऊ.' हे त्यांनी निवडलं असं म्हणायचं का? ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा मी पेढे वाटले. त्या वर्षी विज्ञान शाखेच्या माझ्या तासाला दोन बाकं भरत होती.

हीच मुलं चार वर्षांनी माझ्याकडे परत येतात, राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेला मराठीचा पेपर आहे म्हणून. निबंध लिहिता येत नाही, सारांश लिहिता येत नाही. हुशार मुलं आहेत. सोळाव्या वर्षी भाषा सुटली, ती कच्चीच राहिली.

म्हणून मी सक्तीच्या बाजूचा आहे. बारावीपर्यंत मराठी सक्तीची करा, मराठी मातृभाषा नसणाऱ्यांसाठी सोपी पातळी ठेवा. आयटी खुशाल शिकवा, पण भाषेच्या जागेवर नको.

रानवारा

+१ बालाघाट. शब्दाशब्दाला.

शून्य_एक

मी आयटी घेतलेल्यांपैकी आहे. दोन वर्षांपूर्वी बारावी झालो.

खरं कारण सांगतो. आमच्या कॉलेजमध्ये सकाळी कॉलेज नावापुरतं आणि दिवसभर क्लास. जेईईतून एनआयटी हवं असेल तर बारावीला ७५ टक्के लागतात आणि त्यात भाषेचे गुणही धरतात. आयटीची परीक्षा संगणकावर असते, बरेच प्रश्न वस्तुनिष्ठ असतात, शेवटच्या महिन्यात अभ्यास करून चांगले गुण मिळतात. मराठीला उत्तरं लिहावी लागतात, आणि गुण किती पडतील याचा अंदाज नसतो. प्रवेशाच्या वेळी खिडकीवरच्या मॅडमनी विचारलंसुद्धा नाही. फॉर्मवर आयटी आधीच भरलेलं होतं.

मला मराठी वाचायला आवडतं, अजूनही वाचतो. तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी मराठीच घेतली असती असं म्हणणं खोटं ठरेल, पण विचारलं तरी जायला हवं होतं.

थेम्सकाठ

इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. मुलगी तिथल्या दहावीच्या म्हणजे जीसीएसईच्या वर्षात आहे, म्हणून इकडचं सांगतो. तुलनेला उपयोगी पडेल.

इथे इंग्रजी, गणित आणि विज्ञान सोळाव्या वर्षापर्यंत सगळ्यांना. बाकीचे विषय मूल निवडतं आणि ती निवड साधारण तेरा-चौदाव्या वर्षी होते. मुलीने भूगोल, चित्रकला आणि स्पॅनिश घेतलं. शाळेने पालकांना बोलावून प्रत्येक विषयाचा शिक्षक भेटवला. ती संध्याकाळ मला फार आवडली.

गणिताला इथे दोन थर आहेत, फाउंडेशन आणि हायर. श्रेणी १ ते ९ अशा असतात. फाउंडेशनमध्ये जास्तीत जास्त ५ मिळू शकते, हायरमध्ये वरपर्यंत. मधल्या ४ आणि ५ या श्रेणी दोन्हीकडून मिळतात आणि प्रमाणपत्रावर श्रेणीच येते. शाळा बहुतेक वेळा शेवटच्या वर्षापर्यंत थांबते आणि मग ठरवते. माई, तुमच्या प्रश्नाचं हे निदान अर्धं उत्तर आहे: निर्णय शक्य तितका उशिरा घ्यायचा, आणि दोन थरांमध्ये एक सामायिक पट्टा ठेवायचा. ज्याला ४ मिळत नाही त्याला सोळानंतरही शिक्षण चालू असेतो गणिताचा अभ्यास करावाच लागतो. म्हणजे सुटका नाही, वेळ वाढवून मिळतो.

आता दुसरी बाजू. २००४ पर्यंत इथे चौदा ते सोळा वयात परकीय भाषा शिकणं सक्तीचं होतं. त्या वर्षी ते ऐच्छिक केलं आणि फ्रेंच, जर्मनला बसणाऱ्यांची संख्या झपाट्याने घसरली. जर्मनची अवस्था तर फारच वाईट आहे. फी भरून शिकवणाऱ्या खासगी शाळांत भाषा टिकल्या, सरकारी शाळांत गेल्या. मुलं कमी झाली, मग शिक्षक कमी झाले, मग काही शाळांत तो विषयच उरला नाही. बालाघाट यांनी जे मराठीचं लिहिलं आहे ते वाचताना मला हेच आठवत होतं. एकदा विषय गेला की तो परत आणणं फार कठीण असतं, कारण तो शिकवणारी पुढची पिढीच तयार होत नाही.

रानवारा

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या आश्रमशाळेत विज्ञान आणि गणित दोन्ही शिकवतो. शिक्षक एकच, वर्ग आठवी ते दहावी. इथून हा धागा वाचताना वेगळंच वाटतं.

आमच्याकडे संस्कृत नाही, कारण शिक्षक नाही. चित्रकलेला शिक्षक नाही. व्यवसाय विषयाचे प्रशिक्षक कंत्राटावर असतात असं शेजारच्या शाळेतून ऐकतो, आमच्यापर्यंत तेही आलेलं नाही. संच मान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक हे सरकार ठरवतं तेव्हा, पटसंख्येवर पदं ठरतात. पट कमी असेल तर विषयाला माणूस मिळत नाही. तुम्ही नियमात दहा ऐच्छिक विषय लिहा, माझ्या मुलांसाठी त्यातले शून्य असतील. आणि उद्या गणित ऐच्छिक झालं, तर माझी भीती अशी की पहिलं पद माझंच कमी होईल. मग गोंडी, माडिया बोलणारी ही मुलं गणिताशिवाय दहावी होतील, आणि नर्सिंगला किंवा तलाठ्याच्या परीक्षेला जाताना त्यांना कळेल की काय गेलं.

म्हणून आमच्यासारख्या ठिकाणी सक्ती हे संरक्षण आहे. सरकारला सक्तीच्या विषयाचा शिक्षक द्यावा लागतो. ऐच्छिकचा द्यावा लागत नाही.

पण सक्तीचा विषय शिकवायचा कसा, याबद्दल मी कृष्णाकाठ सरांशी सहमत आहे. माझी मुलं जंगलातला मोह, तेंदूपत्ता यांचा हिशेब तोंडी करतात. पुड्याला किती पानं, शेकड्याला काय दर, सगळं. तीच मुलं वर्गसमीकरणाला गप्प होतात. त्यांच्या हिशेबापासून सुरुवात करणारा पेपर हवा.

माई

थेम्सकाठ, रानवारा, दोघांचेही आभार. निर्णय उशिरा घ्यायचा, आणि खालच्या पेपरवरून वर यायची वाट उघडी ठेवायची, एवढी हमी असेल तर माझा विरोध बराच कमी होतो. आमच्या वेळी ती वाटच नव्हती.

कृष्णाकाठ

सर्वांचे प्रतिसाद सावकाश वाचले. काही मुद्द्यांवर उत्तर देतो.

माई, तुमचा प्रश्न सगळ्यांत मोठा आहे. जुन्या सामान्य गणितात नेमकी तीच उणीव होती: पुस्तक वेगळं, त्यामुळे मूल नववीतच वेगळ्या रांगेत गेलं, आणि मन बदललं तरी परतायला अभ्यास उरलेला नसायचा. म्हणून मी सीबीएसईचं उदाहरण दिलं. दोघांनी वर्षभर एकच शिकायचं, फॉर्म भरताना पेपर निवडायचा. वर्गात शिक्षकालाही 'ही बेसिकवाली, यांना सोडा' असं म्हणता येत नाही, कारण कोण कुठे बसणार हे फॉर्म भरेपर्यंत त्याला माहीत नसतं. ग्रामीण शाळेत जादा शिक्षक लागत नाही, रानवारा यांची अडचण त्याने वाढत नाही.

२०२४ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात आणखी एक वाट सुचवली होती. गणित-विज्ञानात ३५ ऐवजी २० गुणांवर उत्तीर्ण करायचं आणि गुणपत्रिकेवर शेरा द्यायचा की पुढे हे विषय घेता येणार नाहीत. हेतू चांगला असेल, मूल नापास होऊन घरी बसू नये हा. मला मात्र ती वाट पटत नाही. २० गुणांत मुलाला काय येतं हे कुणालाच कळत नाही, त्यालाही नाही. सोप्या पेपरमध्ये ६० मिळवणाऱ्या मुलाला निदान एवढं माहीत असतं की शेकडेवारी, व्याज, क्षेत्रफळ हे मला येतं. आणि गुणपत्रिकेवरचा शेरा आयुष्यभर सोबत राहतो, नोकरीच्या मुलाखतीतसुद्धा.

बालाघाट, मराठीबद्दल मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. भाषा आणि आयटी यांना एकमेकांसमोर उभं करणं हीच मूळ गोष्ट बदलली पाहिजे. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात अकरावी-बारावीला दोन भाषा आणि वेगवेगळ्या गटांतले चार विषय अशी रचना सुचवली आहे. ती जशीच्या तशी आली तर दोन भाषा राहतील. मात्र दुसरी भाषा मराठीच असेल याची हमी त्यात नाही, ती आपल्या राज्याला स्वतः द्यावी लागेल. शून्य_एकने लिहिलेला आधीच भरलेला फॉर्म मला फार लागला. जिथे संस्थेला जो विषय सोयीचा तोच मुलाची निवड म्हणून नोंदवला जातो, तिथे 'ऐच्छिक' म्हणण्यात अर्थ नाही.

अवकाश

पुस्तक एक, वर्ग एक, पेपर शेवटी निवडायचा, आणि नंतर वरचा पेपर देता येणार. हे असेल तर मी विरोध मागे घेतो. पाचवी-सहावीच्या अपूर्णांकांचा मुद्दा मात्र सोडत नाही. त्यावर वेगळा धागा काढेन.

निशिगंध

हे सगळं होईल तेव्हा होईल, माझ्या मुलाची दहावी पुढच्या मार्चमध्ये आहे. आत्ता काही मार्ग आहे का? कुणाला नक्की माहिती असेल तर सांगा.

ओंजळ

मी शाळेत समुपदेशक आहे. आधी एक गोष्ट: मुलाची अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणितात सतत अडचण येते का याची, तपासणी झाली आहे का? उलट्या भीतीमुळेही होतात, पण सहावीपासून साध्या बेरजांत अडतो आणि बाकी विषयांत छान आहे, म्हणजे तपासून घ्यायलाच हवं. विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे.

प्रमाणपत्र शासनाने अधिकृत केलेल्या रुग्णालयाचंच लागतं, खासगी मानसतज्ज्ञांचा अहवाल एकटा चालत नाही. आधी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, तिथे सोय नसेल तर कुठे जायचं ते तेच सांगतील. मुंबईत सायन रुग्णालयात यासाठी स्वतंत्र विभाग आहे. चाचण्या एका दिवसात होत नाहीत, तारखा लांबच्या मिळतात, म्हणून याच महिन्यात नाव नोंदवा.

प्रमाणपत्र मिळालं तर मंडळाकडून जादा वेळ मिळतो, कॅल्क्युलेटर वापरता येतो, आणि दहावीच्या गणिताऐवजी सातवीच्या पातळीचं गणित व सोबत कार्यानुभवाचा विषय घेण्याची सवलत आहे. प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत विभागीय मंडळाकडे जातो, तुम्हाला नाशिक विभाग लागेल. दहावीचे फॉर्म भरायच्या आधी तो पोचला पाहिजे. शाळा 'नंतर बघू' म्हणाली तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

तपासणीत अक्षमता निघाली नाही, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थेची दहावी हा दुसरा मार्ग आहे. तिथे पाच विषय, त्यात किमान एक भाषा, आणि गणित घ्यायलाच हवं असं नाही. चित्रकलाही विषय म्हणून घेता येते. मात्र त्याला ज्या कॉलेजात पुढे जायचं आहे तिथे आधी विचारून घ्या की गणिताशिवायची दहावी त्यांना चालते का. आणि हे सगळं त्याला सोबत बसवून करा, पर्याय काय आहेत हे त्याच्या कानावर पडू द्या. व्यनि (वैयक्तिक निरोप) केलात तर अर्जाचा मसुदा पाठवते.